नव्याने जिम: सहा दिवसांचं वेळापत्रक की तीन दिवस पुरेत?

निशिगंधा
नमस्कार मंडळी. वय ३८, राहते भांडुपला, ऑफिस लोअर परळला. घराजवळच्या जिममध्ये वर्षाचे पैसे भरून झालेत. वजन उतरवणं हा मुख्य हेतू नाही, अंगात ताकद हवी आहे. लेकाला कडेवर घेऊन रेल्वेचा पूल चढता यावा, सिलिंडर सरकवायला कोणाची वाट बघावी लागू नये. रक्ताच्या तपासण्या केल्या. बी१२ कमी निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. बाकी डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय.

ट्रेनरने पहिल्याच दिवशी छापील कागद हातात दिला. सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर, गुरुवारी हात, शुक्रवारी पाय, शनिवारी पोट आणि ट्रेडमिल. मला आठवड्यात तीनच सकाळी जमतात, त्याही पाऊण तास, कारण पुढे डबा आणि गाडी. "तीन दिवसांत काही होत नाही मॅडम," असं तो म्हणाला. शिवाय मला दोन किलोचे डंबेल्स दिलेत. बायकांनी जड उचललं तर अंग पुरुषी दिसतं म्हणे. माझी ऑफिसची बॅग त्याहून जड असते.

तीन दिवसांत खरंच काही होतं का? कोणते व्यायाम करावेत? आणि वजन किती घ्यायचं हे कसं ठरवायचं?

चौथी_सीट
होतं. तीन दिवस भरपूर झाले. सविस्तर लिहिणारे येतीलच मागून.

रॅकसमोर
आलोच.

निशिगंधा, तुमच्या हातात आलेला कागद बॉडीबिल्डिंगवाल्यांचा आहे. बरीच वर्षं व्यायाम केलेल्याला एका दिवशी एकाच भागावर भरपूर काम करायचं असतं, त्याला तो ठीक. नवशिक्याची गरज वेगळी असते. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू ती हालचाल शिकतात म्हणून. स्नायू जाड व्हायला त्याहून वेळ लागतो. मग हालचाल शिकायची तर ती आठवड्यातून एकदा करून कशी चालेल? त्या कागदाप्रमाणे पाय फक्त शुक्रवारी. एका शुक्रवारी मेगाब्लॉकसारखं काही आडवं आलं की थेट पुढच्या शुक्रवारपर्यंत पायांना सुट्टी.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ट्रेनरला दाखवा हवं तर: प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. किमान दोन. तुमच्याकडे तीन आहेत.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिन्ही दिवशी सगळं अंग. बसून उठणं: छातीशी एक डंबेल धरून स्क्वॉट, ज्याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. कमरेतून वाकून उचलणं: दोन डंबेल्स घेऊन रोमानियन डेडलिफ्ट. ढकलणं: एका दिवशी बेंचवर पडून डंबेल प्रेस, पुढच्या दिवशी बसून डोक्यावर. ओढणं: लॅट पुलडाऊन (मशीनवर बसून डोक्यावरचा दांडा छातीकडे ओढणं) किंवा केबल रो (बसून समोरची केबल पोटाकडे ओढणं). शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल्स घेऊन नुसतं चालायचं. पाच गोष्टी. आधी पाच मिनिटं अंग गरम करणं, आणि प्रत्येक व्यायामाचा पहिला सेट, म्हणजे न थांबता केलेली पहिली फेरी, हलक्या वजनाने.

वजन किती? जे आठ ते बारा वेळा नीट उचलता येतं आणि थांबताना वाटतं की अजून दोन मारता आले असते, ते तुमचं वजन. दोन किलोने वीस वेळा करून तुम्ही गप्पा मारू शकत असाल तर त्याचा उपयोग नाही. दोन किंवा तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सगळ्या सेटमध्ये बारा जमले की पुढच्या वेळी वजन वाढवा.

इथे एक अडचण येते. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये डंबेल्स अडीच, पाच, साडेसात, दहा असे असतात. पाचवरून साडेसातवर जाणं म्हणजे एकदम दीडपट. खांद्याच्या व्यायामात ही उडी झेपत नाही. तिथे बारावर थांबू नका, पाच किलोने पंधरापर्यंत जा आणि मग साडेसात घ्या. सुरुवातीला सहाच जमले तरी चालतील.

आणि वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. मागच्या बुधवारी काय उचललं ते लिहिलेलं नसेल तर या बुधवारी काय वाढवायचं ते कळणार कसं?

सुरमई
वही बेस्ट. मोबाईलमध्ये लिहायला घेतलं की ऑफिसचे मेसेज दिसतात आणि दोन मिनिटांची विश्रांती दहा मिनिटांची होते.

कांदाभजी_क्वीन
"पुरुषी दिसाल" हे ऐकून ऐकून कान किटले. वेटलिफ्टर मीराबाई चानू टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरली ४९ किलो वजनी गटात. एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं, त्यातलं क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) ११५ किलोचं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त! आणि चण दिसते कशी? आपल्या शेजारच्या मुलीसारखी. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, चुकून दंड फुगत नाहीत कोणाचे. त्यासाठी वर्षानुवर्षं मरमर करणाऱ्यांना विचारा किती कठीण असतं ते.

कर्णम मल्लेश्वरी सिडनीला पदक घेऊन आली २००० मध्ये. इतकी वर्षं लोटली तरी जिममध्ये बायकांच्या हातात दोन किलोच.

गिरगावकर_काका
वाचतोय. एक वेगळं मत मांडतो, राग मानू नये. या यंत्रांची गरज काय? आमच्या वेळी तालमीत जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब, एवढ्यावर माणसं घडली. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात १९२५ पासून हे चालू आहे आणि तिथे मुलीही दोरीच्या मल्लखांबावर अशा काही चढतात की बघत राहावं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते कोणत्या वातानुकूलित जिममध्ये जाऊन? घरात सतरंजी घालायची, पन्नास बैठका मारायच्या, खर्च शून्य.

रॅकसमोर
काका, राग कसला. मल्लखांबाबद्दल तर दंडवतच. पण घरच्या जोर-बैठकांत दोन गोष्टी राहतात. एक, ओढण्याचा व्यायाम येत नाही. जोर म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे पाय. पाठ राहते. तालमीत ती दोरी, मल्लखांब आणि प्रत्यक्ष कुस्तीतून होत होती. दुसरं, पन्नास बैठका जमल्या की पुढे काय? शंभर. मग दोनशे. तो दमसासाचा व्यायाम होतो. ताकद हवी तर भार वाढायला हवा. तालमीत तरी जड मुद्गल, जड करेला अशी फिरवायची साधनं का होती? भार वाढवायलाच ना?

गिरगावकर_काका
पाठीचा मुद्दा मान्य. दोरी चढणं आता कोण करतंय. पण निशिगंधाताईंनी जोर सोडू नयेत एवढंच माझं म्हणणं.

सुरमई
काका, पहिल्याच दिवशी जमिनीवर जोर बहुतेक बायकांना जमत नाही आणि मग "हे आपलं काम नाही" म्हणून सोडून देतात. हात किचनच्या ओट्यावर ठेवून सुरुवात करायची, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. उंची जितकी कमी तितकं कठीण. माझी वहिनी अशीच खालपर्यंत आली.

साधेसांधे
फिजिओथेरपिस्ट आहे. लोक माझ्याकडे सगळं बिघडल्यावर येतात, म्हणून आधीच लिहिते.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणं, जिना उतरताना मांड्या ओरडणं, हे सामान्य आहे. साधारण २४ ते ७२ तासांत ते सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच ठिकाणी, व्यायाम करतानाच दुखणं वेगळं. तिथे थांबायचं. हातापायात मुंग्या येणं, पाठीतून कळ पायात उतरणं, छातीत दडपण, चक्कर, यांपैकी काहीही झालं तर "उद्या बघू" नको.

आता जे जिममध्ये कोणी सांगत नाही. पहिल्याच दिवशी उत्साहात शेकड्याने बैठका किंवा पुशअप मारून घेतले आणि पुढच्या एक-दोन दिवसांत स्नायू प्रचंड सुजले, हात सरळ होईना, लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. स्नायूपेशी तुटून त्यांतले घटक रक्तात येतात आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तरुण, धडधाकट माणसांना होतं, उकाड्यात आणि पाणी कमी पडल्यावर जास्त. म्हणून काका, पन्नास बैठका पहिल्या दिवशी नकोत. दहाचे दोन सेट पुरेत.

श्वास: उचलताना सोडा, खाली आणताना घ्या. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये, तेवढ्यापुरता दाब फार वर जातो.

स्क्वॉटमध्ये गुडघा बोटांच्या पुढे गेला तर सांधा खराब होतो, ही समजूत सोडून द्या. जिना उतरताना गुडघा पुढे जातोच. टाच जमिनीवर राहते का, गुडघा आत कोसळतो का, ते बघा. आणि डेडलिफ्टमध्ये वजन पायाला घासत वर यायला हवं. ते जितकं पुढे जाईल तितका कमरेवर भार.

चौथी_सीट
कोऱ्या चहाची गोष्ट ठाऊक नव्हती. भाच्याला पाठवली. परवाच "शंभर पुशअप चॅलेंज" घेऊन बसला होता.

बोंबील_प्रेमी
खाण्याचं कोणीच बोलेना, मग मी बोलतो. नावावरून कळलंच असेल माझी बाजू कुठली.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. वजनं उचलणाऱ्यांनी १.२ ते १.६ पर्यंत जावं असं क्रीडा आहारवाले सांगतात. साठ किलोच्या बाईला ७२ ते ९६ ग्रॅम. आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री वरणभात. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम. दिवसाचा हिशेब तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. बांगडा खा, सुके बोंबील खा, अंडी खा.

तूपमीठभात
शाकाहारी माणसाने काय करायचं?

बोंबील_प्रेमी
बोंबील.

कांदाभजी_क्वीन
😂 त्याच्याकडे लक्ष देऊ नका. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, कोरडे सोयाबीन चंक्स ३० ग्रॅम घेतले तर त्यात पंधरा. मटकीची उसळ वाटीभर नव्हे, बोलभर खा. वरण पातळ नको, घट्ट करा. पोह्यांत भरपूर मटार-दाणे, वर ग्लासभर दूध. घरातल्यांना वेगळा स्वयंपाक नको, तुमच्या ताटातलं प्रमाण फक्त बदला: भात एक वाटी, उसळ दोन.

वडाळा_रोड
वडापाव?

कांदाभजी_क्वीन
बेसन थोडं आहे त्यात, पण प्रथिनं म्हणून खाऊ नका. भूक म्हणून खा.

तूपमीठभात
धन्यवाद. आमच्या जिममध्ये काउंटरवरच प्रोटीनचे डबे ठेवलेत आणि "याशिवाय रिझल्ट नाही" म्हणतात. घ्यावा का?

रॅकसमोर
व्हे म्हणजे दुधातलंच प्रथिन, विष नाही आणि जादूही नाही. जेवणातून भागत असेल तर गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर अशा पावडरी टाळाव्यात असंच आहे. मला ते सरसकट पटत नाही, शाकाहारी माणसाला दिवसातून एक चमचा पावडर सोयीची पडते. पण काउंटरवरच्या अनोळखी डब्याला माझाही विरोध आहे. एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक, सील, बॅच नंबर बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. ताकदीसाठी घेतात ती दुसरी पावडर म्हणजे क्रिएटिन मोनोहायड्रेट, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, त्यावर भरपूर अभ्यास झालाय, पण पहिल्या काही महिन्यांत त्याचीही गरज नाही.

आणि कोणी "लवकर रिझल्टसाठी" गोळी किंवा इंजेक्शन सुचवलं तर ती जिम त्याच दिवशी सोडा. स्टेरॉइडने हृदय आणि यकृत दोन्ही जातात. यात तडजोड नाही.

शिवाजीपार्क_कट्टा
थोडं विषयांतर. आई ६६ वर्षांची आहे, रोज सकाळी पार्काला फेऱ्या मारते, पण खाली बसली की हात दिल्याशिवाय उठता येत नाही. तिला यातलं काही चालेल का?

साधेसांधे
चालेल का? तिलाच सर्वांत जास्त गरज आहे! तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, साठीनंतर वेगाने. नुसत्या चालण्याने ते थांबत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला होता. माणसं दहाच होती, पण ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत!

आईंना भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न लावता उठायला सांगा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. आठ-दहा वेळा, दोनदा, एक दिवस आड. उशी निघाली की हातात पाण्याची बाटली. हाडांची घनता एकदा तपासून घ्या, तोवर कमरेतून वाकून उचलणं नको.

शिवाजीपार्क_कट्टा
आजच सांगतो. मनापासून आभार.

फ्लोअरवाला
मी ट्रेनर आहे, उपनगरातल्या एका जिममध्ये. सगळे ट्रेनरला बोलतायत म्हणून लिहितोय. संध्याकाळी सातला फ्लोअरवर साठ माणसं आणि आम्ही दोघं. पगार तुटपुंजा, खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या टक्क्यांवर. म्हणून सगळ्यांना एकच कागद दिला जातो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, कसं घडतं ते सांगतोय.

निशिगंधाताई, तुमच्या ट्रेनरला "हे चुकीचं आहे" असं सांगू नका. "मला सोमवार, बुधवार, शुक्रवार पूर्ण अंगाचं करायचंय, स्क्वॉट आणि डेडलिफ्टचा फॉर्म तेवढा बघाल का?" असं विचारा. सकाळी लवकर आणि दुपारी आम्ही मोकळे असतो. एकच गोष्ट शिकायला येणारा माणूस आम्हाला आवडतो, कारण त्याच्यात बदल दिसतो. तरी तो टाळत असेल तर बाजूने व्हिडिओ काढून स्वतः बघा. आणि एकट्याने रॉड (टोकांना वजनं लावायचा लांब दांडा) घेऊन बेंच प्रेस करू नका. मागे कोणीतरी उभं हवंच.

कांदाभजी_क्वीन
फ्लोअरवाला, हे लिहिलंत फार बरं केलंत.

वडाळा_रोड
पावसाळ्याचं पण कोणीतरी लिहा. भिजून जिमला पोचलं की बूट पचपचीत आणि रबरी फरशीवर पाय सटकतो.

सुरमई
जिमचे बूट वेगळे, तिथेच लॉकरला. जाड गादीचे पळायचे बूट स्क्वॉटला चांगले नाहीत, पाय डगमगतो. सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे चालतात. हात घामाने निसटतात म्हणून छोटा टॉवेल दोन. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, तेव्हा पाणी घोट घोट मधूनमधून, तहान लागायची वाट न बघता. गाड्या बंद पडल्या त्या दिवशी पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून घरीच बैठका आणि वाकून उचलणं.

निशिगंधा
मंडळी, बऱ्याच दिवसांनी परत आले. फ्लोअरवाला म्हणाले तसंच विचारलं. ट्रेनर आधी गोंधळला, मग त्याने स्वतः सकाळी येऊन डेडलिफ्ट शिकवली. भिंतीपासून पावलाभर पुढे उभं केलं आणि म्हणाला, "मॅडम, फक्त मागे भिंतीला बसायची जागा लावा, गुडघे जास्त वाकवू नका." तेव्हा कमरेतून वाकणं म्हणजे काय ते लक्षात आलं. गॉब्लेट स्क्वॉट दहा किलोवर आहे, बारा जमतात. खांद्यावर मात्र पाचला अडकलेय, पंधरा-पंधरा करतेय सांगितल्याप्रमाणे. परवा सिलिंडर बाल्कनीतून ओट्याखाली मीच आणलं.

दोन शंका. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत करावं का? आणि रॉडवर कधी जायचं? तिथे सगळी मुलंच असतात, संकोच वाटतो.

साधेसांधे
पाळीत व्यायामाला बंदी नाही. बरं वाटत असेल तर नेहमीचं, दुखत असेल तर वजन कमी किंवा सुट्टी. रक्तस्राव फार जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, थकव्याचं कारण तिथेही असतं.

कांदाभजी_क्वीन
सिलिंडर!! भरलेलं तीस किलोच्या आसपास असतं गं. जियो.

संकोचाचं म्हणशील तर रॅकवर, म्हणजे रॉड ठेवायच्या स्टँडवर, नाव कोणाचं लिहिलेलं नसतं. "किती सेट राहिले? मध्ये मी करू का?" एवढं विचारायचं. बहुतेक मुलं वजनं काढून द्यायलाही मदत करतात.

रॅकसमोर
दहा किलोचा डंबेल छातीशी धरून तीन सेट बारा-बारा सहज होत असतील तर आधी साडेबारा आणि पंधरा करा, मग रॉड. पण आधी रॉडचं वजन विचारा. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा. आपल्या जिममध्ये बरेचदा आठ-दहा किलोचे आखूड रॉडही असतात आणि त्यावर काही लिहिलेलं नसतं. स्मिथ मशीनच्या (उभ्या खांबांवर सरकणाऱ्या) रॉडचं वजन तर प्रत्येक कंपनीचं वेगळं. वहीत रॉड धरून एकूण वजन लिहा, नाहीतर रॉड बदलला की सगळा हिशेब चुकतो.

स्क्वॉटला सेफ्टी पिन्स (उठता आलं नाही तर रॉड अडवणाऱ्या आडव्या दांड्या) लावायला शिकवून घ्या. रॉडवर वाढवायचं ते दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोने, खांद्यासाठी सव्वा किलोच्या दोन प्लेट मिळतात का बघा. छोट्या प्लेटांना कमी लेखू नका. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण एका किलोने हुकलं होतं, २४८ विरुद्ध २४९.

निशिगंधा
रॉडचं वजन विचारायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी सकाळी विचारते, आणि सव्वाच्या प्लेटा आहेत का तेही.

फ्लोअरवाला
स्टोअररूममध्ये असतात बऱ्याचदा, बाहेर ठेवत नाहीत. मागून घ्या.